ओमाहा हाय-लो: हातात राजे, समोर सतत वाढवणारा दादा

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री, सतरंजीवर माझे तीन राजे जमले होते. दोन हातात, एक मधल्या उघड्या पानांत. समोर माझा मावसभाऊ, आमचा दादा. त्याने दोन चिंचोके पुढे सरकवले. मी चार केले. त्याने सहा केले. मी आठ केले, कारण तीन राजे असताना माघार कशी घ्यायची? शेवटचं पान उघडलं, आणि दादाने आपली पानं उताणी केली: एक्का, दुर्री, तिर्री, पंजी. राजा-राणी तर सोडाच, साधी दश्शीही नाही. तरी मधली सगळी रास त्यानेच ओढून घेतली.

तो डाव मी नंतर वहीत पुन्हापुन्हा मांडून पाहिला. तीन राजे घेऊन डावात राहणं बरोबरच होतं. चुकले ते आठ चिंचोक्यांत. तिथे दोन पुरे होते. हा फरक मला उशिरा कळला, आणि एकदा कळल्यावर हा खेळ मला फार आवडायला लागला. म्हणून तो नीट उलगडून सांगावासा वाटतो.

खेळाचं नाव ओमाहा हाय-लो. पोकरचाच हा एक प्रकार, मूळचा अमेरिकेतला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओमाहा लास वेगासच्या कॅसिनोंत रुजला, आणि त्याचं अर्धं-अर्धं वाटून घेण्याचं हे रूप आज तिथल्या मोठ्या स्पर्धांत कायमचं आहे. पाच प्रकार आलटून-पालटून खेळायच्या ज्या स्पर्धेला ‘हॉर्स’ म्हणतात, त्यातला ‘ओ’ म्हणजे हाच खेळ. २००६ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ५०,००० डॉलर प्रवेश फी असलेली ‘हॉर्स’ स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि अमेरिकन खेळाडू चिप रीस ती जिंकला. दादा अमेरिकेत होता तेव्हा हा खेळ शिकून आला. आमच्याकडे तो चिंचोक्यांवरच चालतो, आणि तसाच चालावा असं माझं ठाम मत आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, त्यामुळे मोबाइलवर पैसे लावून हे शिकायचा विचारही कोणी करू नये. चिंचोक्यांवर हिशेब तसूभरही बदलत नाही.

नियम असे. प्रत्येकाला चार पानं पालथी मिळतात. मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, तो टर्न, मग शेवटचं एक, तो रिव्हर. फ्लॉपच्या आधी आणि या प्रत्येक टप्प्यानंतर चिंचोके टाकायची एक फेरी होते. कोणी टाकतो, कोणी बरोबरी करतो, कोणी वाढवतो, कोणी पानं सोडून देतो. आम्ही पहिल्या दोन फेऱ्यांत एक-एक चिंचोक्याने वाढवतो आणि पुढच्या दोन फेऱ्यांत दोन-दोनने. एका फेरीत चार वेळांच्या वर कोणी वाढवायचं नाही.

शेवटी प्रत्येकाने पाच पानांचा हात करायचा: बरोब्बर दोन पानं आपल्या हातातली आणि बरोब्बर तीन मधली. एक जास्त नाही, एक कमी नाही. नवा माणूस इथेच अडखळतो. हातात चार बदाम असले तरी त्यातले दोनच चालतात. हातात तीन राजे आले तर आनंद मानू नये, कारण तिसरा वापरता येत नाही आणि मधे येऊ शकला असता असा एक राजा आपणच अडवून बसलेले असतो.

आता खरी गंमत. पॉटचे, म्हणजे मधे जमलेल्या चिंचोक्यांच्या राशीचे, दोन भाग होतात. अर्धा सगळ्यात वरच्या हाताला, म्हणजे हायला. उरलेला अर्धा सगळ्यात खालच्या हाताला, म्हणजे लोला. पण लोला अट आहे: पाचही पानं वेगवेगळी आणि सगळी अठ्ठी किंवा त्याखालची. एक्का दोन्हीकडे चालतो, वरही आणि खालीही. ही अट कोणालाच जमली नाही तर हायवाला पूर्ण पॉट घेतो. लो मोजताना सिक्वेन्स (ओळीने पाच पानं) किंवा कलर (पाचही एकाच रंगाची) आडवा येत नाही, म्हणून एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात चांगला लो, आणि तोच हायमध्ये सिक्वेन्स म्हणूनही चालतो. एकच माणूस दोन्ही बाजूंनी जिंकू शकतो. दादाने त्या रात्री तेच केलं.

तीन पत्ती खेळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सगळ्यात वर आणि सिक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये ट्रेल सिक्वेन्सच्या खाली, सिक्वेन्स कलरच्या खाली आणि कलर फुल हाउसच्या खाली. फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि दुसरी दोन सारखी पानं. तीन पत्तीच्या सवयीने ट्रेलवर छाती फुगते. माझीही फुगली होती.

हातातली दोनच पानं चालतात, याचा अर्थ लोसाठी मधल्या पानांत अठ्ठी किंवा त्याखालची किमान तीन वेगवेगळी पानं यायलाच हवीत. मधे दोनच असतील तर कोणाच्या हातात एक्का-दुर्री असो, तिर्री-चौकी असो, लो होतच नाही. ज्याच्या हातात फक्त वरची पानं आहेत, त्याने सगळा वेळ मोजायची गोष्ट हीच: मधे छोटी पानं किती झाली. समोरचा किती जोरात वाढवतोय हे त्यानंतर. आम्ही उलटं करतो. समोरच्याचा आवेश बघतो आणि आपणही पेटतो.

हायचा चांगला हात कोणता? राजा-राणी-गुलाम-दश्शी, त्यातही दोन इस्पिक आणि दोन बदाम असतील तर फारच छान. दोन राजे, राणी, गुलाम. एक्का-राजा-राणी-दश्शी, एक्क्याच्या रंगाचं अजून एक पान असेल तर. चारही पानं एकमेकांशी बोलली पाहिजेत. सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी दिसायला देखणी, पण तिने सिक्वेन्स केला की मधे बहुतेक वेळा छोटी पानं आलेली असतात. म्हणजे सिक्वेन्सही आपला आणि अर्धा पॉटही दुसऱ्याचा. आणि वरून मोठ्या सिक्वेन्सची भीती. नव्वी तर या खेळातलं सगळ्यात कुचकामी पान: लोला चालत नाही आणि हायला कमी पडते. नुसते दोन एक्के आणि बाकी काहीही, हाही असाच फसवा हात. साध्या पोकरमध्ये दोन एक्के म्हणजे सोनं. इथे मधे छक्की-पंजी-तिर्री पडली की त्यांचं मोल फारसं उरत नाही.

थोडे आकडे. कोणाच्या हातात काय आहे हे न बघता पूर्ण कॅटमधून पाच पानं उघडली, तर १०० पैकी साधारण ६० वेळा लो शक्य असतो. पण आपल्या हातात चारही पानं नव्वी ते राजा यांतली असतील तर हाच आकडा ६९ होतो. कारण उरलेल्या ४८ पानांत वरची १६च राहतात आणि छोटी सगळी ३२ जशीच्या तशी. म्हणजे हायचा हात धरला की लो येण्याची शक्यता आपणच वाढवतो. यावर जुने खेळाडू सांगतात की बाकीच्यांच्या हातात छोटी पानं अडकलेली असतात, म्हणून कॅटमध्ये मोठी पानं जास्त उरतात. ते खरं आहे, पण मोजून पाहिलं तर थोडंच खरं आहे. समोर तिघे असतील आणि प्रत्येकाकडे तीन छोटी, एक मोठं पान असं धरलं, तर उरलेल्या ३६ पानांत मोठी १३ राहतात. म्हणजे ३३ टक्क्यांवरून ३६ टक्के. त्या भरवशावर वाईट हात खेळू नये.

मग हायचा हात खेळायचाच कशाला? कारण फ्लॉप स्वस्तात बघता येतो, आणि फ्लॉपमध्ये पाचपैकी तीन पानं कळतात. हायवाल्याचा निर्णय तिथे होतो. आधी फार पेटायचं नाही, पानं मधे पडली की मग हिशेब.

आता आक्रमक खेळाडूकडे वळू. हा खेळ आक्रमक माणसाला का मानवतो, हे समजून घेतलं पाहिजे. त्याच्याकडे बहुधा एक्का-दुर्री असते. मधे तीन छोटी पानं पडली की अर्धा पॉट त्याचा जवळजवळ पक्का. मग तो उरलेल्या अर्ध्यासाठी मोकळ्या मनाने वाढवत राहतो, कारण हरला तरी अर्धं परत मिळणारच. तिथे आपल्याकडे फक्त राजे असतील तर आपण त्याचा अर्धा भाग घेऊच शकत नाही. तो आपला घेऊ शकतो. या खेळातली ही सगळ्यात महत्त्वाची विषमता. तो आपल्याला पूर्ण लुटू शकतो, आपण त्याला जास्तीत जास्त अर्धं लुटू शकतो. आणि जो एक्का-दुर्रीशिवायही सतत वाढवतो, त्याच्याशी खेळताना अडचण अशी की हे दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात.

बसण्याची जागा इथे उपयोगी पडते. पोकरची पाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, म्हणून शक्यतो अशा माणसाच्या डाव्या हाताला बसावं. तो आधी बोलतो, आपण नंतर. तो वाढवणार हे कळल्यावर आपण ठरवतो. उलट तो आपल्या डावीकडे असेल तर आपण एक चिंचोका टाकून फ्लॉप बघायला जातो आणि तो दोन मागतो.

आता त्याच हाताकडे परत जाते: दोन राजे, राणी, गुलाम. फ्लॉपचे दोन प्रकार बघा. पहिला: राजा, नव्वी, चौकी. दुसरा: राजा, छक्की, चौकी. एकच पान बदललं. दोन्हीकडे माझे तीन राजे आहेत, दोन्हीकडे या घडीला माझाच हात सगळ्यात वर. पण हे दोन अगदी वेगळे डाव आहेत.

पहिल्या फ्लॉपमध्ये छोटं पान एकच. लो व्हायला टर्न आणि रिव्हर दोन्ही छोटी पडली पाहिजेत, तीही चौकीपेक्षा वेगळी आणि एकमेकांपेक्षाही वेगळी. न दिसलेल्या ४५ पानांत अशी पहिल्यांदा २८ आणि मग ४४ पैकी २४. गुणाकार केला की ३४ टक्के येतात. म्हणजे तीनात दोनदा लो होतच नाही आणि पूर्ण पॉट माझ्या आवाक्यात राहतो. शिवाय पुढच्या दोन पानांत मधल्या पानांत जोडी जमून, किंवा चौथा राजा येऊन, माझा फुल हाउस किंवा त्याहून मोठा हात व्हायची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास. इथे दादाने एक टाकला तर मी दोन करायचे. त्याने तीन केले तर चार. छोट्या पानांच्या आशेवर पुढे यायचं असेल तर त्याने किंमत मोजून यावं. बरेच हायवाले नेमके इथे घाबरतात, ‘त्याच्याकडे काहीतरी असेल’ म्हणून नुसती बरोबरी करतात, आणि पुढे दोन छोटी पानं पडल्यावर चिडून वाढवायला लागतात. हे अगदी उलटं झालं.

दुसऱ्या फ्लॉपमध्ये छोटी पानं दोन झाली. आता पुढच्या दोन पानांत एक जरी नवं छोटं पान आलं तरी लो शक्य. माझ्या बाजूने मोजलं तर ७९ टक्के. दादाच्या हातात त्यातली चार पानं आहेत म्हणून खरा आकडा थोडा खाली. तरी पाचात जवळजवळ चार वेळा पॉट फुटणार, असं धरूनच चालायचं. भाऊबीजेच्या रात्री हाच फ्लॉप पडला होता. वहिनीही डावात होती. तिघे असताना मी एक टाकला की बाकीचे मिळून दोन टाकतात, त्यामुळे अर्धा पॉट मिळाला तरी एकाचे दीड होतात. म्हणून फ्लॉपवर मी वाढवलं ते बरोबर होतं. फेरी संपली तेव्हा मधे १२ चिंचोके होते.

टर्नला सत्ती आली. वहिनीने पानं सोडली. मधे राजा, छक्की, चौकी, सत्ती. दादाने दोन सरकवले.

इथे थांबून विचार करायला हवा होता. लो आता शक्य आहे. पंजी-तिर्री किंवा अठ्ठी-पंजी ज्याच्याकडे असेल त्याचा सिक्वेन्सही झाला आहे, आणि ही पानं लो खेळणाऱ्यांकडेच असतात. माझे तीन राजे त्या सिक्वेन्सखाली दबतात. मला वर यायला मधल्या पानांतली एखादी जोडी हवी: तीन छक्क्या, तीन चौक्या, तीन सत्त्या आणि एक राजा, अशी १० पानं. न दिसलेली ४४. म्हणजे २३ टक्के.

दोन चिंचोके टाकून पुढचं पान बघायचं का? दादाचे दोन आणि माझे दोन धरून पॉट १६. साध्या पोकरमध्ये पान लागलं तर हे १६ माझे झाले असते, म्हणजे आठात एकदा लागलं तरी हिशेब जुळला असता. इथे लागलं तरी मला अर्धेच, म्हणजे ८. दोन देऊन आठ मिळायचे असतील तर चारात एकदा लागायला हवं, २५ टक्के. माझे २३. पॉट अर्धा झाला की जेवढी शक्यता हवी ती दुप्पट होते, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. रिव्हरलाही जास्तीचं काही मिळत नाही, कारण त्याच्याकडे पक्का लो असेल तर माझे दोन, त्याचे दोन, आणि वाटणीत परत दोन-दोन.

म्हणजे दादाकडे सिक्वेन्स आणि लो दोन्ही आहे हे नक्की असतं तर पानं सोडणंच किंचित बरं. पण दादा कशावरही वाढवतो. म्हणून तीन शक्यता मांडून बघायच्या. त्याच्याकडे फक्त लो असेल: मी दोन टाकले काय आणि आठ टाकले काय, तेवढेच परत येणार, वाढवून फायदा शून्य. त्याच्याकडे दोन्ही असेल: वाढवलेला प्रत्येक चिंचोका बहुतेक वेळा गेला. त्याच्याकडे काहीच नसेल: मी वाढवलं तर तो पानं सोडेल; नुसती बरोबरी केली तर रिव्हरला तो अजून दोन टाकेल, आणि तेही माझेच. तिन्ही ठिकाणी नुसती बरोबरी करणं वाढवण्याइतकंच चांगलं किंवा त्याहून चांगलं. दोन चिंचोके, गप्प बसायचं आणि रिव्हर बघायचा. मी आठ टाकले. दादाची एक्का-दुर्री लोला गेली, तिर्री-पंजी सिक्वेन्सला, आणि रिव्हरला राणी आली तिचा कोणालाच उपयोग नव्हता.

याला अपवाद आहे, आणि तो तितकाच महत्त्वाचा. आपला हाय जवळजवळ हरूच शकत नाही अशी अवस्था असेल तर वाढवायला भ्यायचं कारण नाही. एकासमोर एक असाल तर त्याने फारसं काही मिळत नाही, पण जातही नाही. खरा लाभ तिघे असताना. समजा रिव्हरपर्यंत मधे राजा, छक्की, छक्की, चौकी, तिर्री पडले आहेत आणि माझ्या हातात दोन राजे. राजांचा फुल हाउस. कोणाच्या हातात दोन्ही उरलेल्या छक्क्या असणं, किंवा एकाच रंगाचा सिक्वेन्स असणं, एवढीच काय ती भीती. दादाकडे एक्का-दुर्री, वहिनीकडेही एक्का-दुर्री. दोघांनाही वाटतंय की आपला लो सगळ्यात चांगला, आणि ते बरोबरच आहे. फक्त दोघांचा सारखाच आहे. तिघांनी चार-चार टाकले की १२ होतात. माझे ६. त्या दोघांना उरलेल्या सहातून तीन-तीन. मला दोनचा फायदा, त्यांना एक-एकचा तोटा. आठ-आठ टाकले तर मला चारचा फायदा. दोघं एकमेकांवर वाढवत असताना मधला हायवाला भांबावून नुसती बरोबरी करत राहतो, हे मी अनेकदा पाहिलंय. खरं तर त्या क्षणी टेबलावर त्याच्याइतकी चांगली जागा कोणाचीच नसते. आपली पाळी आली की वाढवायचं, शांतपणे.

म्हणून हायचा हात धरला असेल तर फ्लॉपच्या आधी लो खेळणाऱ्यांना हाकलून लावायची घाई करू नये. राजा-राणी-गुलाम-दश्शी घेऊन पहिल्याच फेरीत जोरात वाढवलं की वहिनीसारखी सावध माणसं निघून जातात आणि समोर एकटा दादा उरतो. तिथे लो लागला की त्याचा अर्धा त्याचा एकट्याचा. तीन-चारजण छोटी पानं धरून आले तर ते लो आपापसांत फाडतात, कधी मधेच दुर्री पडून हातात दुर्री असलेल्याचा लोच मारला जातो, आणि लो लागला नाही तर सगळ्यांचे चिंचोके हायकडे येतात.

आक्रमक माणसाबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली. माझा सगळ्यात जास्त फायदा तिथेच झाला. लोच्या आशेवर वाढवणाऱ्याचा आनंद पानांनुसार बदलतो. छोटं पान पडलं की हात पटकन पुढे येतो. राणी-गुलाम पडला, किंवा आधीच्या छोट्या पानाची जोडी झाली, की अर्ध्या क्षणाची थांबणूक येते आणि मग तो पुन्हा टाकतो. कारण लो हुकल्यावर त्याच्या हातात जिंकण्यासारखं काही उरलेलं नसतं. आपल्याला पळवून लावणं एवढाच मार्ग उरतो. अशा वेळी आपण वाढवायचं नाही. त्याला टाकू द्यायचं आणि बरोबरी करायची. इथे साध्या दोन जोड्यासुद्धा पुष्कळ होतात.

तुळशीच्या लग्नाला पुन्हा जमलो तेव्हा मला राजा, राणी, गुलाम, दश्शी आली. फ्लॉप: राणी, गुलाम, चौकी. माझ्या दोन जोड्या, शिवाय एक्का किंवा नव्वी आली तर सिक्वेन्स. छोटं पान एकच. दादाने एक टाकला, मी दोन केले, त्याने तीन, मी बरोबरी केली. टर्नला छक्की. आता छोटी दोन, आणि न दिसलेल्या ४४ पानांत २४ अशी की जी आली तर लो शक्य होईल. दादाने पान टेकायच्या आत दोन सरकवले. मी वाढवलं नाही, दोन ठेवले. रिव्हरला आली चौकी. जोडी झाली, छोटी पानं दोनच्या दोनच राहिली. लो नाही.

दादाने मधल्या चौकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन सरकवले. लो खेळणाऱ्याच्या हातात चौकी असू शकते, आणि असली तर तिच्या तीन झाल्या, माझ्या दोन जोड्या गेल्या. पण छक्कीवर जो हात लगेच पुढे आला होता तो आता थांबून आला होता. मी दोन ठेवले आणि राणी-गुलाम उताणे केले.

“अठ्ठी आली असती ना,” दादा म्हणाला, “तर आख्खा पॉट माझा होता.” त्याने पानं टाकली: एक्का, दुर्री, पंजी, सत्ती. खरंच होतं ते. अठ्ठी किंवा तिर्री आली असती तर पंजी-सत्तीने सिक्वेन्स आणि एक्का-दुर्रीने लो, दोन्ही त्याचं. वहिनीने मधल्या राशीतले २० चिंचोके मोजून माझ्याकडे ढकलले आणि कॅट पिसायला घेतला.